नवी आकडी

"मग हे बोट गेलं कसं?"

लवूने विचारलं. होडी कांदळात शिरत होती. ओहोटी सरत आली होती.

झिलूआबा पुढे नाळीवर बसले होते. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून नव्हतं. चार वर्षं लवू ते नसलेलं बोट बघत होता. विचारलं त्या दिवशी.

"जिंकलो होतो," आबा म्हणाले.

"कोणाशी?"

"कुर्लीशी."

लवू माझ्याकडे बघून हसला. मी वल्हं मारत होतो. मी हसलो नाही.

"आबा, जिंकलात तर बोट का गेलं?"

"म्हणून तर गेलं."

…

लवूला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. म्हाताऱ्याने उभ्या जन्मात चेष्टा केली नव्हती.

भेंडजुवा हे आमचं बेट. खाडीच्या पोटात बसलेलं. चारी बाजूंनी खारं पाणी, काठाला कांदळाची झाडं, झाडांच्या मुळांत चिखल, चिखलात बिळं आणि बिळांत कुर्ल्या. शहरातले लोक त्यांना खेकडे म्हणतात. म्हणोत. त्या कुर्ल्यांवर आमची चाळीस घरं जगली.

कुर्ली बिळातून दोन तऱ्हांनी निघते. आकडीने, नाही तर हाताने.

आकडी म्हणजे दोन हात लांब सळई, टोकाला वाक. आत घालायची, अडकवायची, ओढायची. कुर्लीची पाठ फुटते, पाय तुटतात, बीळ ढासळतं. बाजारात जाईपर्यंत निम्म्या मरतात. पण काम झटपट. हल्ली सगळ्यांना झटपटच लागतं.

हाताने काढायचं म्हणजे आधी बिळाच्या तोंडाशी हात ठेवून बसायचं. गढूळ पाणी निवळेपर्यंत. मग हात छताला घासत आत न्यायचा, कुर्लीच्या पाठीवरून, आणि मागच्या पायांपाशी धरायची. अख्खी निघते. बीळ शाबूत राहतं. पंधरा दिवसांत दुसरी येऊन राहते.

असं काढणारे जुव्यावर झिलूआबा शेवटचे. मला ते कधी जमलं नाही, म्हणून मी वल्हं मारायचो. लवूला जमलं.

आमच्यात रीत अशी की शिकवणारा सांगत नाही तोवर शिकणाऱ्याने एकट्याने बिळात हात घालायचा नाही. सांगायचं म्हणजे काय, तर "उद्या एकटा जा." बस. नारळ नाही, हार नाही. तीन शब्द.

त्या तीन शब्दांसाठी लवू चार वर्षं चिखलात लोळला होता.

पोरगा वाईट नव्हता. शहाणा होता. आपण शहाणे आहोत हे त्याला कळलेलं होतं, तेवढं वाईट.

होडी मुळाला बांधली. तिघं चिखलात उतरलो, गुडघाभर.

लवू पहिल्याच बिळाशी वाकला.

"चिखल डावीकडे फेकलाय. ताजा आहे. नर. पाऊण किलो."

हात घातला, काढला. नर. पाऊण किलोच असेल. सुंभाने डेंगे, म्हणजे नांग्या, बांधले आणि ओल्या पोत्यात टाकला.

दुसरं बीळ. "मादी. पायांचे ठसे चिकटून उठलेत." मादी निघाली.

तिसरं बीळ. तिसरी कुर्ली.

मी म्हटलं, "हात चांगला आहे हो आबा."

आबा कुर्लीकडे बघतच नव्हते. बिळाकडे बघत होते. पाणी अजून गढूळ होतं.

"आता तरी बोला," लवू म्हणाला.

"काय बोलू?"

"चुकलो का कुठे?"

"घाई केलीस."

"घाई? तुम्हाला लागतो त्याच्या निम्म्या वेळात काढली."

"तेच म्हणतोय."

लवूचं तोंड लाल झालं. त्याने पोतं चिखलात आपटलं.

"आबा, चार वर्षं झाली. माझ्या वयाचे लोक स्वतःच्या होड्या फिरवतात. मी तुमच्या मागून पोतं धरून चालतो. बायका हसतात मला. आज काय ते बोला. नाही तर…"

"नाही तर?"

…

लवू पलीकडच्या काठाकडे बघत राहिला. तिकडे त्याचा मामा आकडीवाल्यांची टोळी घेऊन असायचा. मामाने दोनदा निरोप धाडला होता. आम्हाला ठाऊक होतं. खाडी ती केवढी.

लवू गेला असता तर आबांच्या मागे हाताने काढणारा कोणी उरला नसता. हे मला कळत होतं. आबांना कळत नसेल कसं? पण म्हाताऱ्याने त्याला अडवलं नाही.

"चला," मी म्हटलं. "पाणी फिरलंय."

कांदळाच्या मुळांपाशी पाणी थरथरायला लागलं होतं. भरती सुरू झाली की आधी ते थरथरतं, मग चढतं.

लवू चालायला लागला. होडीकडे नाही. आतल्या थोरल्या झाडाकडे.

त्या झाडाच्या मांडीएवढ्या मुळाखाली एक बीळ होतं. खोल. खांद्यापर्यंत हात जाईल एवढं. आबा तिथे वर्षातून एक-दोनदा जायचे, तेही ओहोटीच्या सुरुवातीला.

"ते नको," आबा म्हणाले.

"का?"

"पाणी फिरलंय."

"पाणी यायच्या आत काढतो. बघाच तुम्ही."

"बस तरी आधी. निवळू दे."

लवू बसला नाही. कुशीवर आडवा झाला, गाल चिखलाला टेकला आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

क्षणभर काही नाही.

मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी अजून विसरलो नाही.

"धरलं! आबा, धरलं तिने!"

"काय धरलं?"

"बोटं. दोन. मधलं आणि… आई गं!"

तो ओढायला लागला. पाय मुळाला रोवून ओढायला लागला. कुर्लीला ओढलं की ती बिळात पाय फाकून बसते. जितकं ओढाल तितकी बसते आणि तितका डेंगा आवळते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लवूने दुसऱ्यांना शंभरदा सांगितलं असेल.

स्वतःची बोटं असली की माणूस ओढतोच.

"ओढू नको," आबा म्हणाले.

"मूळ तोडा!"

"अर्धा दिवस लागेल."

"मग आकडी द्या! आकडीने फोडतो तिला!"

"आकडी कुठली?"

…

लवूने डोळे मिटले.

"होडीत. मागच्या फळीखाली."

मी आबांकडे बघितलं. आबांच्या होडीत आकडी! त्यांच्या होडीत आजवर आकडी चढली नव्हती.

"आण," आबा मला म्हणाले.

मी गेलो, फळी उचलली. गोणपाटात गुंडाळलेली होती. कोरी करकरीत. टोकाचा वाक अजून चकाकत होता. आणून आबांच्या हातात दिली.

आबांनी ती उलटी-पालटी करून बघितली. वाकावर अंगठा फिरवला.

"चांगली आहे," म्हणाले. "लोहाराने तापवून केलीय. नुसती ठोकलेली नाही."

"आबा, द्या ना ती!"

"देतो. काय करशील?"

"डेंगा तोडतो तिचा."

"तोडशील. जमेल तुला. मलाही जमलं होतं." आबांनी बोट नसलेला हात त्याच्या तोंडापुढे धरला. "ओढून ओढून डेंगा तुटला. हात बाहेर आला. डेंगाही आला, बोटाला धरून. दुसऱ्या हाताने उघडेना. दगडाने फुटेना. एका हाताने वल्हवत घरी आलो. लोक म्हणाले, जिंकलास रे झिलू. दहा दिवसांनी डॉक्टरने बोट काढलं."

"पण… तुटला ना?"

"तुटला. तुटलेला डेंगा सोडत नाही. सोडायला जीव लागतो."

…

लवू रडत होता. रडू नको असं कोणी म्हटलं नाही.

मग म्हाताऱ्याने काय केलं, तर आकडी उलटी धरली आणि लवूच्या तोंडासमोर चिखलात उभी रोवली. दाबत दाबत खाली नेली.

"मान उचल."

लवूने मान जेवढी उचलता येईल तेवढी उचलली.

आबांनी आकडीचा वाक बरोबर त्याच्या हनुवटीच्या रेषेत आणला आणि हात काढून घेतला.

"पाणी वाकाला लागायच्या आत ती सोडेल."

"कशावरून?"

"भरती आली की कुर्ली चरायला निघते. तुझं बोट धरून किती वेळ बसेल? तिलाही पोट आहे."

"आणि नाही सोडलं तर?"

"मग बाबल्या आणि मी, दोघं मिळून ओढू. हात येईल."

बोटांचं ते काही बोलले नाहीत.

बाबल्या म्हणजे मी.

"आबा, आत्ताच ओढूया," मी म्हटलं. "पोराचा जीव…"

"तू होडीत जाऊन बस."

"पण आबा…"

"मेल्या, बस जा. तुझी घाई त्याला लागते."

मी होडीत बसलो. पंधरा हातांवर. तिथून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

पाणी आलं. भरतीचं पाणी उड्या मारत येत नाही. तुम्ही दुसरीकडे बघितलंत की वाढलेलं असतं. आधी लवूचे पाय, मग बरगडी, मग कान.

लवू पाय झाडायला लागला.

तेव्हा म्हातारा त्याच्या समोर चिखलात आडवा झाला. सत्तरीचा माणूस. कुशीवर, गाल चिखलात, लवूच्या तोंडासमोर तोंड करून. मध्ये फक्त आकडी.

आबा लवूपेक्षा अंगाने किरकोळ. पाणी त्यांच्या तोंडाशी आधी आलं.

"उठा, आबा."

"उठेन तुझ्याबरोबर."

"तुम्ही कशाला…"

"ओढतोयस."

"नाही ओढत."

"खोटं बोलू नको. खांदा ओढतोय."

लवूने खांदा सैल सोडला.

"आता मान ओढतेय."

"मान सोडली तर नाकात पाणी जाईल!"

"अजून चार बोटं आहेत. आकडीकडे बघ. भीती वाटली की तिच्याकडे बघ. ती खोटं सांगणार नाही."

लवूने बघितलं. वाक पाण्याच्या वर होता. चार बोटंच होता.

"आता?"

"आता नाही ओढत."

"ओढतोयस."

"आबा, सगळं सैल सोडलंय! आता आणखी काय ओढू मी?"

"ते मला काय ठाऊक? तुझं तुला ठाऊक."

…

तीन बोटं.

एक बगळा शेजारच्या मुळावर येऊन बसला. त्याचा तो मासे बघत होता.

"आबा."

"हं."

"मी उद्या जाणार होतो. मामाकडे."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"फळी नीट बसत नव्हती. चार दिवस."

"चार दिवस ठाऊक होतं? मग बोललात का नाही?"

"काय बोलू? तू धरलं होतंस. मी ओढलं असतं तर आणखी आवळलं असतंस."

मी बघत होतो. पाणी त्याच्या ओठांच्या कडेला लागत होतं, आत जात होतं, तो थुंकत होता. म्हातारा नाकाने फुरफुर करत होता. दोघांची डोकी पाण्यावर दोन नारळांसारखी दिसत होती.

दोन बोटं.

"तुम्हाला राग नाही आला?" लवूने विचारलं.

"आला तर! पहिल्या दिवशी आला. तुझी आकडी खाडीत टाकायला निघालो होतो."

"मग?"

"फळी उचलली. बघितली. चांगली होती. परत ठेवली."

लवू हसला. खरंच हसला. तशा अवस्थेत, तोंडात खारं पाणी, आणि हसला. हसताना त्याचा सगळा देह चिखलात पसरला. जाळं टाकल्यावर पाण्यात बसतं तसा.

मग दोघं तसेच पडून राहिले.

…

पाणी वाकाला टेकलं. मी उठून उभा राहिलो. होडी हलली. आता उडी मारायची आणि म्हाताऱ्याचं ऐकायचं नाही, असं ठरवलं होतं.

"काढ," आबा म्हणाले.

"काय?"

"हात."

"तिने धरलंय ना."

"बघ तरी."

लवूने हात काढला. ओढला नाही, नुसता काढला. तो आला. निळा पडलेला, सुजलेला, दोन बोटांवर खोल खाचा. पण पाचही बोटं होती. त्याने एक एक करून हलवली. पाचही हलली.

"सोडलं तिने," तो म्हणाला. "आबा, सोडलं!"

"मघाशीच सोडलं. माझ्या पोटाला घासून गेली."

"मघाशी? कधी?"

आबांनी सांगितलं नाही. ते उठत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. लवूने डाव्या हाताने त्यांना उठवलं. दोघं कमरभर पाण्यात उभे राहिले. म्हातारा थंडीने कुडकुडत होता, तरी सगळ्यात आधी वाकला आणि पायाने बिळाचं तोंड चाचपून बघितलं. ढासळलं नव्हतं. तेव्हा कुठे त्याने तोंडातलं पाणी थुंकलं.

लवू बिळाकडे बघत होता. मग पलीकडच्या काठाकडे बघितलं. मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडे.

त्याने आकडी चिखलातून उपटली. होडीशी आला. मी हात पुढे केला, तर त्याने दिली नाही. खाडीच्या खोल पाण्याकडे तोंड केलं आणि आकडी फेकायला हात मागे नेला.

आबांनी मागून त्याचं मनगट धरलं. तीन बोटांनी आणि अंगठ्याने.

"टाकू नको," ते म्हणाले. "उद्या एकटा येशील, तेव्हा पाणी कशावर बघशील?"